एक्सएक्सएससुद्धा ढगळ होतं. कपड्यांचं काय करू, आणि काळजी करू का?

शिडशिडीत (शनिवार, रात्री ११.२०)

आज चार दुकानं पालथी घातली. मंगळवारी ऑफिसात वरच्या लोकांसमोर बोलायचंय, त्यासाठी एक साधी काळी पॅन्ट हवी होती. सगळ्यात लहान नंबर चढवला, बटण लावलं, हात सोडले आणि पॅन्ट खाली. बाहेरून मुलगी विचारतेय, "मॅम, एक साइझ लहान देऊ?" अगं बाई, याहून लहान येतच नाही असं तूच मगाशी म्हणालीस ना.

शेवटी तिने मला लहान मुलांच्या विभागात पाठवलं. '१३-१४ वर्षं' अशी चिठ्ठी असलेली पॅन्ट कमरेत चपखल बसली. मागच्या खिशावर चमकीचा घोडा, त्याच्या कपाळावर शिंग. मी ३१ वर्षांची आहे. माझ्या हाताखाली सहा माणसं काम करतात.

घरी येऊन घोडा उसवायला बसले तर तो शिवलेला नाही, चिकटवलेला आहे. निघता निघेना, म्हणून इथे आले.

उंची १६० सेंमी, वजन ४३. कायमची अशीच. पाप्याचं पितर, चिपाड, "वारा सुटलाय, खिशात दोन दगड टाकून जा" हे सगळं ऐकून झालंय. खाते नीट, उलट हल्ली जरा जास्तच खाते, पण अंगाला लागत नाही.

प्रश्न खरं तर दोन आहेत. मोठ्या बाईला शोभतील असे कपडे या मापात आणायचे कसे? आणि दुसरा मी सहसा कुणाला विचारत नाही. मी नुसती बारीक आहे की मला काही झालंय?

गोलमटोल_आनंदी (शनिवार, रात्री ११.४१)

यालाही प्रॉब्लेम म्हणायचं का आता! माझ्यातले दहा किलो घेऊन जा, घरपोच देते. (दिवा घ्या, म्हणजे 'लाइटली'.)

निवांत_मांजर (रविवार, सकाळी ७.०५)

हा घरपोच दहा किलोंचा विनोद मी बाराव्या वर्षापासून ऐकतेय. दिवा घेतला, पण आता घरात दिवे ठेवायला जागा उरली नाही.

जाड माणसाला तोंडावर जाड म्हणायला लोक हल्ली थोडे तरी कचरतात. बारकीच्या बाबतीत तसलं काही नाही. सरळ मनगट धरायचं, अंगठा आणि मधलं बोट जुळवायचं आणि चारचौघांना दाखवायचं, "बघा, माझी दोन बोटं पुरतात!" हे माझ्यासोबत मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये झालं. मनगट माझं, आणि मलाच हसावं लागलं.

गोलमटोल_आनंदी (रविवार, सकाळी ८.१२)

ते मनगटाचं मी एका मैत्रिणीला केलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. विनोद मागे घेते. पहाटेपासून तीच डोळ्यांसमोर येतेय.

मुंढा_खांदा (रविवार, सकाळी ९.३०)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. बावीस वर्षं कापड कापतोय.

ताई, मुलांच्या विभागात जाऊ नका. कंबर बसते म्हणून पॅन्ट बसली असं होत नाही. मुलांच्या पॅन्टचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) आखूड असतं आणि नितंबाला गोलाई दिलेली नसते. उभं राहिल्यावर बरी दिसेल, खुर्चीत बसलात की मागून खाली ओढली जाईल. शर्टाचंही तेच. मुलांच्या शर्टात छातीला टक्स नसतात, त्यामुळे मुंढा काखेत काचतो आणि समोर बटणांमधे फट पडते.

मोठ्यांच्या विभागातला सगळ्यात लहान नंबर घ्या, पण कंबर बघू नका. आसन आणि सीट नीट बसते का तेवढं बघा. कंबर कमी करणं हे शिंप्याला सगळ्यात सोपं काम. मागच्या मधल्या शिवणीतून दीड-दोन इंच सहज आत घेता येतात. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात, मग बाजूच्या शिवणीही उसवाव्या लागतात. वरच्या कपड्याला मात्र उलटा नियम. खांदा बसला तरच घ्यायचं, कारण खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही पूर्ण उतरवून परत लावायची. कुठलाही शिंपी ते नाक मुरडूनच करतो. बाजू सैल असल्या तर असू देत.

सगळ्यात लहान नंबर असा बेंगरूळ का बसतो तेही सांगतो. कंपनी कागदी साचा मधल्या एखाद्या नंबरावर काढते आणि तिथून प्रत्येक नंबराला ठरावीक सूत वाढवत किंवा घटवत जाते. माणूस असा घटत नाही. अंगावरचं मांस कमी झालं म्हणून खांद्याचं हाड आखूड होत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांच्या गिऱ्हाइकांचे हाल होतात. तुमचे आणि सगळ्यात मोठ्या नंबरवाल्यांचेही.

आणखी एक, 'पेटीट' लिहिलेलं बघून हुरळू नका. ते बुटक्या उंचीसाठी असतं, बारीक अंगासाठी नव्हे. छाती-कमरेची रुंदी साधारण तीच राहते, बाह्या आणि पाय आखूड होतात.

निवांत_मांजर (रविवार, सकाळी १०.०२)

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि पुरुषमंडळी लिहिणार नाहीत ते मी लिहिते. आतल्या कपड्यांचं. छातीखाली, बरगड्यांवर टेप घट्ट धरून माप २८ आलं तर २८चाच पट्टा हवा. दुकानात तो नसतो, म्हणून ३२ ए हातात देतात आणि "तुम्हाला हेच" म्हणतात. कपचं अक्षर पट्ट्याच्या नंबराशी बांधलेलं असतं. २८ डी, ३० सी आणि ३२ बी या तिघांचा कप एकाच मापाचा. डी ऐकून दुकानातली बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघते. बघू दे. पट्टा नीट बसायला लागल्यापासून माझी खांद्यांची रग गेली.

जुनी_फाईल (रविवार, दुपारी १२.१५)

अवांतर, पण नंबरांवरून कुणी मनाला लावून घेऊ नये म्हणून. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली होती. त्यावर बेतून १९५८ साली कपड्यांच्या मापांचं मानक निघालं. त्यातला ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस. पुढे ते मानक १९८३ मध्ये काढून टाकलं आणि प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीची मालक झाली. २००८च्या मापांत तोच ८ नंबर छातीला आणि कमरेला पाच-सहा इंचांनी मोठा होता. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून चिठ्ठीवरचा आकडा तोच ठेवायचा आणि आतलं कापड वाढवायचं, असा मामला. मग खाली जागा उरेना म्हणून शून्य आलं, आणि पुढे दोन शून्यं.

म्हणजे शिडशिडीत यांना त्या काळी कदाचित ८ नंबर बसला असता. साइझ 'लहान झाली' यावरून अंगाबद्दल काहीच सांगता येत नाही.

मुंढा_खांदा (रविवार, दुपारी १२.४०)

वा! आणि अजून एक खोटी समजूत सांगतो. "बारीक आहेस तर आडवे पट्टे घाल, भरल्यासारखी दिसशील." हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच दाखवून दिलंय की आडव्या रेघांचा चौकोन उलट उंच आणि अरुंद दिसतो. पट्टे राहू देत. अंगाशी न चिकटणारं, थोडं ताठ कापड घ्या.

डॉ_रात्रपाळी (रविवार, रात्री २.५०)

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणून लिहितोय.

४३ किलोला १.६ च्या वर्गाने भागलं की १६.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १८.५ च्या खाली कमी वजन, आणि १७ च्या खाली मध्यम दर्जाचं कृशत्व. पण हा तक्ता मुळात गर्दी मोजायला केलेला. सूत्र क्वेटलेट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ साली मिळालं. एका माणसाच्या बाबतीत मी आकड्यापेक्षा दिशा बघतो. वीस वर्षं १६.८ वर असलेली बाई आणि गेल्या वर्षी १९ वरून १६.८ वर आलेली बाई यांचा आकडा एकच असतो, पण पहिलीला मी बहुधा घरी पाठवेन आणि दुसरीला नाही.

मूळचाच बारीक बांधा ही खरी गोष्ट आहे. २०१९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी १,६०० हून जास्त निरोगी बारीक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या चारांपैकी जवळपास तिघांच्या घरात अशीच बारीक माणसं होती.

तर शिडशिडीत, सांगा : वजन कधीपासून हेच आहे? आईवडील कसे आहेत? पाळी नियमित आहे? पोट, ताप, खोकला? आणि "हल्ली जरा जास्तच खाते" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्यातलं 'हल्ली' म्हणजे कधीपासून?

शिडशिडीत (सोमवार, सकाळी ८.४५)

डॉक्टर, दिशाबिशा काही नाही हो. कॉलेजात ४३ होते, गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले तेव्हाही ४३. आई अशीच, मावशीही अशीच. पाळी येते, मधून कधी पुढे जाते, कामाचा ताण असतो. हल्ली म्हणजे... सहाएक महिने? रात्री बाराला उठून खाते.

मुंढा_खांदा काका, तुमचं ऐकलं. मोठ्यांच्या विभागातली पॅन्ट घेतली, आसन बघून. कंबर आत घ्यायला दिली, आज संध्याकाळी मिळतेय. घोडेवाली भाचीला.

काडी_पहिलवान (सोमवार, दुपारी १.३०)

माझा अनुभव. उंची १७६ सेंमी, वजन ५२, टोपणनाव वर दिसतंच आहे. "भरपूर खातो पण लागत नाही" हे वाक्य मी पंधरा वर्षं म्हणालो. मग एका आहारतज्ज्ञ बाईंनी वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस जे तोंडात जाईल ते लिहायचं, बदलायचं काही नाही. वही उघडी पाडते माणसाला. रविवारी दोघांचं खात होतो आणि सोम ते शुक्र अर्ध्या माणसाचं. लक्षात राहायचा तो फक्त रविवार.

नंतर वाचनात आलं की हे माझ्या एकट्याचं नाही. २०२२ साली चीनमधल्या निरोगी बारीक माणसांवर मोजमाप करून अभ्यास झाला. सगळ्यांना वाटत होतं ही मंडळी हुंदडून सगळं जाळत असतील. निघालं उलटंच. साधारण वजनाच्या लोकांपेक्षा ती १२ टक्के कमी खात होती आणि हालचालही २३ टक्के कमी. मात्र नुसतं पडून असतानाही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जा वापरत होतं.

आणि जे लोक "खा की जरा, वाढेल" म्हणतात ना, त्यांच्यासाठी : १९९० साली कॅनडात एकसारख्या जुळ्या मुलग्यांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोजच्या गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. मोजून, देखरेखीखाली. कुणाचं वजन ४.३ किलो वाढलं, कुणाचं १३.३. ताट तेवढंच. पण जुळ्या भावाभावांत फरक थोडाच. म्हणजे काहींच्या अंगाला खरंच कमी लागतं.

मी काय केलं : रोज तीनएकशे कॅलरी वाढवल्या, पाणी जेवणाआधी ढोसणं बंद केलं (पोट त्यानेच भरायचं) आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलली. डब्यातली ती 'मास गेनर' पावडरही घेऊन झाली, बहुतेक सगळं स्वस्तातलं पिष्ट निघालं आणि पोट बिघडलं ते वेगळं. १४ महिन्यांत ५८. माझ्या कॉलरमध्ये आता दोन बोटं जातात, पूर्वी मूठ जायची.

तगडा_भाऊ (सोमवार, दुपारी २.०५)

१४ महिने?? आमच्या जिममध्ये एक गोळी मिळते, एका महिन्यात पाच किलो, गॅरंटी. गाल भरतात.

डॉ_रात्रपाळी (सोमवार, दुपारी २.११)

गाल भरतात ते स्टेरॉइडने. अशा बिनचिठ्ठीच्या गोळ्यांत बरेचदा डेक्सामेथासोन असतं, जोडीला भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, त्यामुळे काही आठवड्यांनी गोळी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. तुम्ही घेत असाल तर आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरला गाठा. आणि इथे कुणाला सुचवू नका.

पुन्हा_पान_एक (सोमवार, रात्री १०.५०)

लिहू की नको करत दिवसभर बसले. माझी गोष्ट वेगळी आहे.

मलाही लहानात लहान नंबर ढगळ व्हायचा, पण मला त्याचा आनंद व्हायचा. चिठ्ठ्या कापून मी एका डबीत ठेवत असे. प्रत्येक चिठ्ठी आधीच्यापेक्षा लहान. सगळ्यांसमोर "मेलं लागतच नाही काही अंगाला" असं मीही म्हणायचे, कारण ते वाक्य कुणी तपासत नाही. पाळी गेली, केस गेले, दंडावर बारीक लव आली, भर उन्हाळ्यात मोजे. तरी कौतुक चालूच होतं. बाहेर यायला चार वर्षं लागली, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि बहीण असे तिघं मिळून.

शिडशिडीत, तुमचं तसं आहे असं अजिबात म्हणत नाही. मला जो प्रश्न विचारला गेला होता तोच विचारते, उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल. उद्या पाच किलो वाढले तर तुम्हाला कसं वाटेल?

शिडशिडीत (सोमवार, रात्री ११.३०)

पेढे वाटेन. खरंच. पण तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, आणि लिहिलंत त्याबद्दल... काय म्हणू, डबीचं वाचून थांबलेच.

पॅन्ट आली, सुरेख बसलीय. उद्या आहे माझं ते.

शिडशिडीत (मंगळवार, रात्री ९.१०)

बोलणं चांगलं झालं. पण दोन गोष्टी घडल्या, त्या लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

एक. पडद्यावर दाखवायला हातात तो लाल ठिपक्याचा पॉइंटर होता. ठिपका एका जागी राहीना. आलेखावर नेमकी रेघ दाखवायची तर तो तिच्याभोवती माशीसारखा थरथरत होता. पुढच्या रांगेतल्या एकाने हसून मान खाली घातली. म्हटलं, घाबरले असेन. पण मी घाबरले नव्हते हो. तो विषय मला झोपेत येतो.

दोन. घरी येऊन पॅन्ट बदलताना पट्टा हातात आला. सहा वर्षं हाच एक पट्टा आहे. कंपनीने पाडलेली पाच भोकं. त्यातलं शेवटचं मी वापरायचे, तिथलं चामडं काळं पडलंय आणि बकलाची खोल घडी उमटलीय. त्याच्या आत माझी तीन, खिळ्याने पाडलेली, वेडीवाकडी. ती मी कधी एकत्र बघितलीच नव्हती. एक पाडायची आणि विसरायची. पट्टा सैल पडतो, चामडंच ते, असं धरून चालले होते. पहिल्या दोघांच्या कडा मळलेल्या आहेत. तिसऱ्याच्या आतलं चामडं अजून पांढरं आहे. ते गेल्या महिन्यातलं.

मग कपाट उपसलं. गेल्या वर्षीच्या ऑफिसच्या तपासणीचा कागद मिळाला. वजन ४६.५.

४३ हा माझा कॉलेजातला आकडा होता. मधल्या काळात मी वाढले होते, आणि परत खाली आले तेव्हा ओळखीचाच आकडा दिसला, म्हणून "कायम हेच" असं वाटलं.

डॉ_रात्रपाळी (मंगळवार, रात्री ९.२२)

साडेतीन किलो म्हणजे साडेसात टक्के. काही न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर कारण शोधायचं, हा आमचा साधा नियम. भूक वाढलेली, वजन घटतंय, हात थरथरतोय, पाळी पुढे जातेय. मी इथून निदान करणार नाही, पण हा आठवडा सोडू नका. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन एवढ्यापासून सुरुवात होईल, बाकी तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील. छातीत धडधडतं का? उकाडा सहन होत नाही का?

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात.

शिडशिडीत (मंगळवार, रात्री ९.३०)

घेते. केसांच्याच. तुम्हाला कसं कळलं?? आणि हो, पंखा पाचवर असतो आणि घरचे पांघरुणात.

आजीचा_चष्मा (बुधवार, सकाळी ६.१५)

अगं पोरी, आधी जा. आमच्या धाकट्या जाऊबाई अशाच उतरत गेल्या होत्या. सगळ्या बायका विचारायच्या, "कशी गं मेंटेन केलीस?" आणि त्याही खुलायच्या. साखर निघाली, चारशेच्या वर. जाड माणूस वाळला तर चार लोक विचारतात तरी. मुळातच बारीक असलेल्याचं कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

शिडशिडीत (तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ५.४०)

आले परत. ज्यांनी खासगीत विचारलं त्यांचे आभार, उत्तरं दिली नाहीत, राग मानू नका.

डॉक्टरीणबाईंनी आधी गळा चाचपला, नाडी मोजली, ११२. मग दोन्ही हात पुढे ताणायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड अशी फडफडत होती की मला तो लाल ठिपका आठवला.

बायोटिन थांबवून दोन दिवसांनी रक्त दिलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ०.०१ पेक्षा कमी, टी-फोर (थायरॉइड स्वतः सोडते ते) बरंच वर, आणि ती विशिष्ट अँटिबॉडी आढळली. ग्रेव्ह्ज नावाचा प्रकार आहे. थायरॉइड ग्रंथीला शरीराचीच यंत्रणा सतत टोचत राहते आणि ती थांबायचं नावच घेत नाही. कार्बिमाझोल सुरू केलंय, थरथरीसाठी काही दिवस दुसरी एक गोळी. दर चार-सहा आठवड्यांनी रक्त. एक सूचना त्यांनी तीनदा बजावली. ताप आला किंवा घसा धरला तर कार्बिमाझोल थांबवायचं आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्यायच्या.

मी विचारलं, आता मी जाड होईन का? त्या म्हणाल्या, तुम्ही मुळात जिथे होता तिथे परत जाल, म्हणजे ४६-४७. तक्त्याप्रमाणे तरीही कमीच, पण तो तुमचा बांधा. म्हणजे मी 'नुसती बारीक'ही होते आणि मला 'काही झालं'ही होतं. दोन्ही एकाच वेळी.

सध्या ४३.८.

निवांत_मांजर (रविवार, सायंकाळी ६.३०)

सापडलं हे फार बरं झालं.

तुझ्यामुळे मीही सगळं करून घेतलं. थायरॉइड, साखर, गहू सोसतो का ते बघणारी टीटीजी, हाडांची घनता मोजणारी डेक्सा. सगळं नॉर्मल. हाडांचा आकडा जरा खालच्या बाजूला आहे, तर डॉक्टरांनी वजनं उचलायला आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगितलं. बाकी, मूळचीच अशी. आता खरं सांगू? कागद हातात घेतला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं. काहीतरी सापडेल, गोळी मिळेल, मी भरेन, असं कुठेतरी आत होतं. काडी_पहिलवान, वही कशी लिहायची ते सविस्तर सांगा.

गोलमटोल_आनंदी (रविवार, रात्री ८.००)

त्या मनगटवाल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "तेरा वर्षांनी?" मग दोघी तासभर बोललो, भलत्याच विषयांवर.

शिडशिडीत (रविवार, रात्री ८.१५)

:) मुंढा_खांदा काका, एक शंका. ती काळी पॅन्ट दोन इंच आत घेतलीय. वजन परत आलं तर वाया जाणार का? पहिल्यांदाच इतकी नीट बसलीय.

मुंढा_खांदा (रविवार, रात्री ८.५०)

आतून उलटी करून बघा. मधल्या शिवणीला माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती ठेवलीय? की कापून टाकलीय त्याने?

शिडशिडीत (रविवार, रात्री ८.५८)

कापलेली नाही. दोन्हीकडे दोन-दोन बोटं आहे, दुमडून टाके घातलेत.

मुंढा_खांदा (रविवार, रात्री ९.०३)

मग चांगला शिंपी भेटलाय. ४५ झालात की अर्धा इंच सोडायला सांगा, पुढचं पुढे. पट्टा मात्र नवा घ्या.